गोजरबाई आणि काळे पुठ्ठे

पुस्तकाच्या वरच्या चित्रावर माझा कधी विश्वास नव्हता. चौतीस वर्षं मास्तरकी केली. जून महिन्यात पोरांच्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून घेतली की मला बरं वाटायचं. सगळी सारखी दिसायची. कुणाचं पुस्तक नवं आणि कुणाचं थोरल्या भावाचं फाटकं, ते कळायचं नाही. निवृत्त झाल्यावर तिसगावच्या वाचनालयाचं काम गळ्यात पडलं तेव्हाही माझं मत तेच होतं. वाचनालयात एक कादंबरी होती, नंबर चारशे बारा. तिच्या वर हिरव्या शालूतली एक बाई गच्चीत उभी होती. मी ती कादंबरी दोनदा वाचली. आत गच्ची नाही, शालू नाही, आणि बाई आहे ती पहिल्याच प्रकरणात मरते. चित्र काढणाऱ्याने पुस्तक उघडलं नव्हतं हे उघड होतं. दुकानाच्या पाटीवर आंबे काढायचे आणि आत चिंचा विकायच्या, असला तो प्रकार.

हे मी माझ्याबद्दल सांगत नाही, गोजरबाई नरवडेबद्दल सांगतोय. पण माझं मत आधी सांगितल्याशिवाय तिचं काय झालं ते कळायचं नाही, कारण झालं ते माझ्या मतापायी झालं.

वाचनालय म्हणजे बाजारतळाच्या वरच्या अंगाला दोन खणांची खोली. चार कपाटं, सातशे पुस्तकं, एक टेबल, दोन बाकं. बाकांवर सकाळी पुरुष माणसं वर्तमानपत्र वाचायची. वर्तमानपत्र एकच, आणि ते नगरहून एस.टी.ने यायचं; करंजीच्या घाटात गाडी बंद पडली की गावाला जगाची बातमी दुपारनंतर कळायची. पुस्तकाला त्यातलं कुणी हात लावत नसे. पुस्तकं वाचायच्या त्या बाया, आणि बायांनी बाकावर येऊन बसायची गावात रीत नव्हती. म्हणून आमचे अध्यक्ष आसाराम शेठ, गावातले कापडाचे व्यापारी, यांनी अडुसष्ट साली ठराव केला की पुस्तकं घरोघर पोचवायची आणि त्या कामाला बाईमाणूसच ठेवायचं. पुरुषाला लोकांच्या चुलीपर्यंत कोण जाऊ देणार?

गोजरबाई तेव्हा चाळिशीच्या पुढची. नवरा विहिरीवर सुरुंग लावताना गेलेला. एक मुलगी, ती मिरजगावला दिलेली. तीन एकर जिराईत जमीन दिराकडे वाट्याने. बाई उंच, काटक, चालायला लागली की मागच्याला पळावं लागायचं. शेठनी तिला विचारलं, "पुस्तकं नीट ओळखून ज्याची त्याला देता येतील का?"

"एकदा बघितलं की इसरत न्हाई, शेठ," ती म्हणाली.

शेठ समजले की बाईला वाचता येतं. मीही तेच समजलो. पगाराच्या पावतीवर ती सही करायची. जीभ दातात धरून, सावकाश, उंबऱ्यावर रांगोळी काढावी तशी करायची, पण सहीच करायची, अंगठा नाही. आमच्याकडे त्या वयाची सही करणारी बाई म्हणजे शिकलेलीच. शंका यायला जागाच नव्हती, आणि मास्तर असून मला ती आली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मंगळवार आणि शुक्रवार तिच्या फेरीचे. एक पिशवी खांद्याला, एक हातात. एकवीस घरं. मी घरांच्या चिठ्ठ्या बघून पुस्तकं काढायचो आणि एकेक तिच्या हातात देताना सांगायचो, हे शेठच्या आईला, हे दवाखान्यातल्या नर्सबाईला. ती पुस्तक डोळ्यासमोर धरायची, मान हलवायची आणि पिशवीत टाकायची. तीन वर्षांत तिची एकही चूक झाली नाही.

उलट चिठ्ठ्याच कमी होत गेल्या. बाया सांगायला लागल्या, गोजरबाई आणील ते वाचू. मग ती स्वतः कपाटापुढे उभी राहून पुस्तकं काढायला लागली. मी नंबर म्हणायचो, ती भलतंच म्हणायची. "ती दिव्याची कुठं गेली?" "मिशीवाल्याची परत आली का?" "दोन झाडांची द्या, कुलकर्णीबाईनं मागितलीय." मला वाटायचं, बाई गमत्या आहे. दोनशे एक म्हणजे दिव्याची, हे मलाच पाठ करावं लागलं.

ती फेरीला गेली की चार तास यायची नाही. परतीचं पुस्तक घेताना उंबऱ्यावर बसायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि विचारायची, "काय हुतं यात?" बाया सांगायच्या. कुणी दोन वाक्यांत सांगायची, कुणी डोळ्यांना पदर लावून अर्धा तास. मी याला चकाट्या पिटणं म्हणत होतो आणि तिला तसं बोललोही होतो. ती हसली होती. "चकाट्याच हायेत, गुरुजी. पर आपल्या पुस्तकांच्याच हायेत."

सत्तर सालच्या दिवाळीनंतर वैद्यांच्या सुनेचं, चांगुणाचं, चार महिन्यांचं मूल गेलं. पुढच्या महिन्यात तिची चिठ्ठी आली, काहीही पाठवा म्हणून. मी एक जाडजूड कादंबरी काढून दिली. गोजरबाईने ती बघितली आणि परत टेबलावर ठेवली.

"ही पाळन्याची नगं तिला."

"का? चांगली आहे."

"पाळना शेवटी रिकामा ऱ्हातो हिच्यात. दुसरी द्या."

वर खरंच पाळण्याचं चित्र होतं. कादंबरी मी वाचलेली होती, शेवट मला ठाऊक होता, आणि तरी ती मी चांगुणाला पाठवत होतो. मी मुकाट्याने दुसरी दिली. गोजरबाईचं वाचन चांगलं आहे, असं तेव्हा मी मनाशी म्हटलं.

एकाहत्तरच्या मार्चात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. पुस्तकांची पानं सुटलेली, पाठी निघालेल्या, कितीतरी पुस्तकांची आतली नावाची पानं गायब. त्यांनी शेरा लिहिला की सर्व पुस्तकांना पक्की बांधणी करून घ्यावी. शेठनी कपाळाला हात लावला. मला मात्र मनातून आनंद झाला. मी ठरवूनच टाकलं, सगळ्यांना एकच पुठ्ठा, काळा; पाठीला काळं कापड; कापडावर पांढरी चिठ्ठी आणि तिच्यावर नंबर. नगरला माळीवाड्याजवळ बन्सी म्हणून बाइंडर होता, त्याला काम दिलं. मे महिन्यात तीन खेपांनी, एस.टी.च्या टपावरून, जवळजवळ सगळी पुस्तकं गेली.

दुसरी खेप बांधत होतो तेव्हा गोजरबाईने विचारलं, "वरची चित्रं काय करतो त्यो?"

"काढून टाकतो. वरचा कागद काढल्याशिवाय पुठ्ठा बसत नाही."

"समद्यांची?"

"सगळ्यांची."

"मंग वळखायची कशी?"

मी हसलो. "नंबर असतो की गं पाठीवर. नंबर बघायचा आणि द्यायचं. तुझं काम उलट सोपं झालं."

तिने सुतळीचा तोडा माझ्याकडे सरकवला. दोन दिवसांनी तिने सुट्टी मागितली, लेकीकडे मिरजगावला जायचं म्हणून, आणि मी दिली.

जूनमध्ये पुस्तकं परत आली. चार कपाटांत चार काळ्या भिंती उभ्या राहिल्या. एक पुस्तक वर नाही, एक खाली नाही. मी टेबलामागे बसून कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होतो. चौतीस वर्षांत एका वर्गाने मला एवढं समाधान दिलं नव्हतं.

बायांना ते आवडलं नाही. नर्स सुमनबाई नगरकडच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या दवाखान्यातून जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "गुरुजी, ही पुस्तकं आहेत की जमिनीची दप्तरं? दिवसभर इंजेक्शनं देऊन आल्यावर हे हातात घ्यावंसं वाटत नाही हो." मी त्यांना ऐकवलं, की बाई, माणसानं आतलं बघावं. त्या म्हणाल्या, "आत जायला दार तरी दिसू दे." महिन्याभरात पुस्तकांची ने-आण निम्म्यावर आली. पेरणीचे दिवस आहेत, असं कारण मी वहीत लिहिलं. नर्सबाईला पेरणी कुठली, हे मला सुचलं नाही.

आणि गोजरबाई चुकायला लागली.

आधी ती दोन-दोनदा विचारायची. "हे कुनाचं म्हनला?" मग पिशवीत एकावर एक ओळीने रचून न्यायची. पण पहिल्या तीन घरांत परत आलेली पुस्तकं त्याच पिशवीत पडायची, आणि मग पिशवीत सगळं काळंच. मग तिने पुस्तकांत खुणा घातल्या. एकात कडुनिंबाचं पान, एकात ज्वारीची काडी, एकात लाल दोरा. मला पुस्तकं झाडताना तो कचरा सापडला आणि मी तिच्यावर डाफरलो. सगळ्या खुणा मी माझ्या हाताने काढून टाकल्या.

शेठच्या आई, रतनबाई, सत्तरीच्या. त्या फक्त संतचरित्रं घ्यायच्या. दुपारी त्यांच्या ओसरीवर दहा-बारा म्हाताऱ्या जमायच्या आणि रतनबाई मोठ्याने वाचायच्या. जुलैतल्या एका शुक्रवारी त्यांच्याकडे भलतंच पुस्तक गेलं. त्याची पुढची पानं फाटलेली, नाव कुठेच नव्हतं. गोजरबाईने आणलंय म्हणजे संतचरित्रच, असं धरून म्हातारीने डोळ्याला चष्मा लावून, आधी हात जोडून, वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर कापडाच्या दुकानात एका शेठजींचा मुडदा पडलेला. म्हाताऱ्यांनी पुढे संत येतील म्हणून वाट बघितली. दोन प्रकरणं झाली तरी इन्स्पेक्टरच येत होता. तेवढ्यात आसाराम शेठ जेवायला घरी आले आणि त्यांनी आपल्या जन्मदात्या आईच्या तोंडून कापडवाल्या शेठच्या खुनाची हकिकत ऐकली.

ते तसेच वाचनालयात आले. "गुरुजी, काय चाललंय काय हे! आणि वर त्या म्हाताऱ्या मला सोडत नाहीत. मारलं कुणी ते कळू द्या म्हणतात!"

यावर गावभर हसू झालं. मीही हसलो. पण त्याच शुक्रवारी, त्याच पिशवीतून, नर्सबाईसाठी काढलेलं एक पुस्तक चांगुणाकडे गेलं होतं. ते पाळण्याचं होतं. वर आता पाळणा नव्हता, काळा पुठ्ठा होता. गोजरबाई आपल्याला बघून-निवडून पुस्तक देते एवढंच त्या पोरीला माहीत होतं, म्हणून तिने ते शेवटपर्यंत वाचलं. तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. चौथ्या दिवशी तिची सासू गोजरबाईला दारातच म्हणाली, "तुझ्या भरवशावर पोरीला पुस्तकं देत होतो गं बाई."

गोजरबाई वाचनालयात आली, पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मला सगळा प्रकार कळला होता. मी बाहेर गेलो आणि तिला नको ते बोललो. "पाठीवर एवढा ठळक नंबर आहे. तुझे डोळे आहेत की खापरं?" ती माझ्याकडे बघत राहिली. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

शेठनी निकाल दिला. "एक तारखेपासून दुसरी बाई. पोस्टमनची बायको सातवी शिकलेली आहे, तिला मी विचारलंय. गोजरबाईला तुम्ही सांगा." मी सांगितलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ती एवढंच म्हणाली, "मंग मला त्या एकवीस घरांत जायला निमित्त ऱ्हानार न्हाई." आणि गेली. पगाराबद्दल तिने विचारलंसुद्धा नाही.

रविवारी वाचनालय बंद असतं. मी हिशेबाला म्हणून सकाळी उघडून बसलो होतो. गोजरबाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली. आत येऊन तिने दार लोटलं, गाठोडं खाली ठेवलं आणि लुगड्याच्या धडप्याची गाठ सोडली.

आत चित्रं होती. पुस्तकांची. एकावर एक, दाबून सपाट केलेली, कडा फाटलेल्या, काहींच्या मागे जुनी खळ वाळून पापुद्रा धरलेला. सगळ्यात वर दिवा होता. त्याच्याखाली मिशीवाला.

"ही कुठं मिळाली?"

"बन्सीकडं. निम्म्याहून जास्ती त्यानं भेळवाल्याला दिल्ती. ही त्याच्या पायाशी पडल्याली हुती, ती मागून आनली."

"तू नगरला कधी गेलीस?"

"लेकीकडं जाते म्हनून तुमाला सांगितलं न्हव का, तवा." ती माझ्यासमोर खाली बसली. "गुरुजी, मला वाचता येत न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, चित्रांच्या कडा सरळ करत होती.

"सही करतेस की."

"करत न्हाई, काढते. मालक गेलं तवा जमिनीच्या कागदावर अंगठा नगं, म्हनून तलाठ्याच्या मानसानं एका चिटोऱ्यावर माझं नाव काढून दिलं. सा म्हयने भुईवर गिरवलं. ते माझं नाव हाय एवढं ठावं हाय. त्यातलं 'गो' कंचं आन् 'ज' कंचं, ते ठावं न्हाई."

"आणि नंबर?"

"न्हाई. नोटा मी रंगावरनं वळखते. एस.टी. मानसांना इचारून." तिने पहिलं चित्र माझ्यापुढे सरकवलं. "हे कंच्या पुस्तकाचं तेवढं सांगा. मी खळ करून आनलीय. एक तारखेच्या आत समदी चिकटवते, मंग चुकनार न्हाई. शेठला तुमी सांगू नका."

कोपऱ्यात खरंच झाकण लावलेलं पातेलं होतं.

चित्रावरचं नाव वाचून त्याच्या मागे पेन्सिलीने नंबर घालायचा, पुस्तक काढून द्यायचं, एवढंच काम मी सुरू केलं. एकशे नव्वदच्या आसपास चित्रं असतील. पण नुसता नंबर घालून होत नव्हतं, कारण प्रत्येक चित्र हातात आलं की ती बोलायची. हे रडायला हवं असेल त्यांना द्यायचं. हे कुलकर्णीबाईनं तीनदा नेलं, नवऱ्याला दाखवत नाही. हे म्हाताऱ्यांना चालतं पण मधली लढाई गाळून वाचतात. तीन वर्षं मी त्या सातशे पुस्तकांच्या टेबलामागे बसलो होतो आणि यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं.

मग हिरव्या शालूची बाई आली. चारशे बारा.

"याचं काय करायचं?" मी म्हणालो. "हे चित्रच खोटं आहे. आत गच्चीही नाही आणि शालूही नाही. बाई तर सुरुवातीलाच मरते."

"खोटं कसं? ती मेल्यावर मंग पुढं दुसरं काय हाय त्या पुस्तकात? समदी जनं तिलाच आठवत बसत्यात. परत्येकाला वाटतं, ती एकदा तरी आपल्याकडं वरनं बघून हसली. नर्सबाईनं सांगितलं मला." तिने चित्रावरून हात फिरवला. "ती मेल्याली न्हाई ही. त्यांच्या ध्यानातली हाय."

मी पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण चाळलं. बाई म्हणत होती ते खरं होतं. चित्र काढणाऱ्याने पुस्तक नीट वाचलं होतं. मी दोनदा वाचून वाचलं नव्हतं. मी खाली बसलो, चित्राच्या मागे नंबर घातला आणि पहिल्यांदा माझ्या हाताने खळ लावली.

एक तारखेला काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. आसाराम शेठ आले. कपाटांत काळ्या पुठ्ठ्यांवर जागोजागी चित्रं लागलेली बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी बिनचित्राचं एक पुस्तक उपसलं आणि गोजरबाईपुढे धरलं. "याचा नंबर काय?" तिने पाठ निरखली आणि म्हणाली, "तीनशे सदुसष्ट." शेठनी दुसरं काढलं. "एकोनपन्नास." शेठनी आणखी तीन काढली आणि मग म्हणाले, "इतके दिवस झालं काय होतं बाई तुला?" ती म्हणाली, "मला म्हाईत नव्हतं, शेठ." पोस्टमनच्या बायकोला निरोप गेला की सध्या जागा नाही. त्याच शुक्रवारी गोजरबाई आधी चांगुणाच्या दारात गेली. बराच वेळ बसली. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. येताना चांगुणाची चिठ्ठी घेऊन आली. आणि खुनाची ती कादंबरी रतनबाईंच्या ओसरीवर, शेठ दुकानात असताना, शेवटपर्यंत वाचली गेली.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचंच. दुपार कलली होती. चित्रं जवळजवळ संपली होती, पुठ्ठे वाळत जमिनीवर मांडलेले होते. मी एका चित्राच्या मागे नंबर घालत होतो तेव्हा ती वाकून बघायला लागली.

"हे जे काढता, तेच पाठीवर अस्तं?"

"हो. हाच नंबर."

"ज्यांची चित्रं भेळवाल्याकडं गेली, त्यांना आता फक्त हेच." तिने कपाटाकडे बघितलं. अजून बरंच काळं होतं. "ती पाचशेक तरी असत्याल. आठ दिसात पाचशे व्हतील का, गुरुजी? चित्रं बरी, त्यात मानूस अस्तं, झाड अस्तं. हे समदं सारखंच दिसतं. पर मी करीन. रोज साठ-सत्तर दाखवा."

तिला काय वाटतंय ते माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"गोजरबाई, पाचशे नाहीत. दहा आहेत."

"धा काय?"

मी एका चित्राच्या कोऱ्या पाठीवर शून्यापासून नऊपर्यंत आकडे लिहिले, मोठे, आणि तिच्यापुढे ठेवले. "एवढेच. हेच मागंपुढं करून सगळे नंबर होतात. पाचशे काय, पाच लाखसुद्धा. याच्याबाहेर अकरावा नाही."

तिने एकेकावर बोट ठेवलं. शेवटच्यापर्यंत गेली, परत पहिल्यावर आली. कागद उलटा करून बघितला, मागे आणखी काही आहे का म्हणून. मागे दोन झाडं होती.

"धाच?"

"दहाच."

ती जमिनीवर मांडलेल्या चित्रांकडे बघत राहिली. मला वाटलं, आनंद झाला असेल. तिने पदर डोळ्याला लावला तेव्हाही मला तसंच वाटत होतं. मग ती बोलली, आवाज न चढवता.

"सातशे चित्रं मी डोक्यात ठिवली, गुरुजी. रातीला पडल्या पडल्या मोजायची, एखादं सुटलं तर उद्या चुकंल म्हनून. आन् हे धा हुतं." तिने कागद माझ्यापुढे धरला. "तुमी चौतीस वर्सं या गावात मास्तर. शाळा माझ्या दारासमोर. मी रोज पोरांचा पाढा ऐकत भाकरी थापायची. तीन वर्सं तुमच्या टेबलापाशी हुबी ऱ्हायले. कुनी तरी एकदा सांगायचं हुतं, का बाई, धाच हायेत म्हनून."

मी खळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, ते नीट बसलं नाही म्हणून परत ठेवलं.

"आता अक्षरं किती ते सांगा," ती म्हणाली. "खरं सांगा."

"पन्नासच्या आतबाहेर."

तिने मान हलवली, डोळे कोरडे केले, आणि तो दहा आकड्यांचा कागद आमच्या दोघांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. मी टेबलाकडे जायला उठलो होतो. तिने समोरच्या फरशीवरचे पुठ्ठे बाजूला सारून जागा केली.

"मंग बसा खाली," ती म्हणाली. मी बसलो.